भिंतीएवढ्या चुलीसमोर

पहाटेचे पाच वाजलेत आणि तुमचं नाक गार पडलंय. बाकीचं अंग लोकरीच्या दोन पांघरुणांखाली उबदार आहे. गादीत मक्याच्या कणसांची वाळलेली पानं भरलेली आहेत, त्यामुळे कूस बदलली की ती करकरतात. शेजारी झोपलेली दोन पोरं झोपेतच तुमच्या वाट्याचं पांघरूण ओढून घेतायत. वर तुळयांना दोऱ्यात ओवलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी वाळत लोंबतायत, आणि जिन्यातून सफरचंदांचा आंबूस-गोड वास वर येतोय. तुम्ही अमेरिकेत आहात, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर काउंटीत, एका शेतकऱ्याच्या घराच्या माळ्यावर. साल १८३५, महिना नोव्हेंबर. एवढं कळलं तरी पुरे. राष्ट्राध्यक्ष कोण, निवडणुका कधी, याची चौकशी करत बसू नका. आज घरात डोनट तळायचेत, आणि खालून हाक आली आहे.

जिना उतरताना भिंतीला हात धरा. पायऱ्या अरुंद आणि उभ्या आहेत. खाली स्वयंपाकघर. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात गजबजलेली खोली ही, आणि तिची एक अख्खी भिंत म्हणजे चूल. थोडं वाकलात तर तुम्ही तिच्यात शिराल, एवढी मोठी. रात्री घरधनिणीने निखारे राखेखाली पुरून ठेवले होते. आता ती फावड्याने राख बाजूला सारते, खालचा लाल विस्तव उघडा पडतो, त्यावर झिलप्या, झिलप्यांवर काटक्या, मग भात्याच्या चार फुंकरी, आणि आग धरते. काड्यांची पेटी नावाची वस्तू अलीकडे बाजारात येऊ लागली आहे, पण या घराने अजून तिच्यावर भिस्त ठेवलेली नाही. विस्तव विझलाच तर शेजारच्या शेतावर पोराला पिटाळतात, निखारा आणायला.

आगीकडे तोंड करून उभे राहा. गुडघे भाजतात, चेहरा तापतो, पाठ मात्र गारठलेलीच. पाठ फिरवा, की दाराच्या फटीतून येणारा वारा सरळ छातीत घुसतो. या स्वयंपाकघरात मधलं हवामान नाहीच. कोपऱ्यातल्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा आलाय. तुंब्याने तो फोडा आणि तोंड धुऊन घ्या. अजून महिन्या-दोन महिन्यांत इथली तळी पार गोठतील. बॉस्टनजवळच्या तळ्यांतला असाच बर्फ कापून, लाकडाच्या भुश्यात गुंडाळून जहाजाने १८३३ साली कलकत्त्याला गेला, आणि लवकरच मुंबईतही पोचला. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी मुंबईत कुठे बर्फाचा खडा चघळला असेल, तर तो या मुलखातला असण्याची दाट शक्यता आहे.

अंगावर जाड लोकरीचे कपडे चढवा. हौसेने सुती काही घालून चुलीपुढे येऊ नका. ठिणगी उडाली तर लोकर नुसती करपून वास मारते, सुती कापड मात्र पेट घेतं. इथल्या बायका घोळदार झग्यांत दिवसभर उघड्या आगीपुढे वावरतात. घरधनिणीकडे नीट बघा: वाकण्याआधी ती डाव्या हाताने झगा मागे घेते, प्रत्येक वेळी, न बघता. लहानपणापासून अंगात भिनलेली सवय आहे ती.

आता चुलीच्या उबेला, फडक्याखाली झाकून ठेवलेली ती लाकडी काथवट उघडा. काल रात्री पीठ भिजवलं होतं. ते फुगून काठापर्यंत आलंय, वरची साय थोडी सुकलीय, आणि बोट खुपसलं की आतून हळूच सुस्कारा निघतो. वास घ्या. आधी आंबट, मग सफरचंदाचा, आणि अगदी शेवटी थोडा मद्याचा. या पिठात अंडं एकही नाही. नोव्हेंबरात दिवस लहान झाले की कोंबड्या अंडी घालायचं जवळजवळ थांबवतात, आणि जी दोन-चार मिळतात ती सणासाठी राखून ठेवलेली आहेत. मग पीठ फुगवायचं कशाने? तळघरातल्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदांच्या आंबवलेल्या रसाच्या, पिंपाच्या बुडाशी जो दाट, जिवंत गाळ उरतो, त्याने. पाव फुगवायलाही बऱ्याचदा तोच वापरतात. खिडकीशी एक पातळसं पुस्तक ठेवलंय, पानांना पिठाची बोटं लागलेली. लिडिया मारिया चाइल्ड या बाईंनी १८२९ साली बॉस्टनमध्ये छापलेलं, काटकसरीने संसार करणाऱ्या बायकांसाठी. त्यात डोनटची कृती आहे. मापं ऐका: अर्धा लिटरभर पीठ, त्याच्या निम्मी साखर, तीन अंडी, एका अंड्याएवढं लोणी. आणि अंडी नसतील तर हा गाळ घाला, मात्र पीठ आदल्या रात्रीच भिजवा. लोण्याचं माप अंड्याने सांगणारी ही बाई आणि समोर काथवटीपुढे उभी असलेली ही बाई, दोघींचं एकमेकींना सहज कळतं. वजनाचा काटा इथे कुणाला लागत नाही.

पीठ गव्हाचं आहे, हे लक्षात आलं का? रोजचा पाव इथे राय नावाच्या धान्याच्या आणि मक्याच्या पिठाचा असतो, घट्ट, काळसर आणि चिवट. या खडकाळ जमिनीत गहू धड पिकत नाही. पांढरं पीठ न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडून येतं, रॉचेस्टरच्या गिरण्यांत दळून, कालव्यातल्या नावांवर लादून. एका पिंपात १९६ पौंड, म्हणजे जवळपास ८९ किलो. पिंप विकत घ्यावं लागतं, म्हणून त्याला झाकण आहे, आणि झाकणावर घरधनिणीची नजर. आज तिने ते झाकण दोनदा उघडलंय. संध्याकाळी माणसं यायचीत.

"काय उभं राहायचं ते बाजूला उभं राहा," कोपऱ्यातल्या आजी म्हणतात. "नाहीतर हात धुऊन घे आणि साखर फोड."

तेव्हा हात धुवा. साखर म्हणजे निळ्या कागदात गुंडाळलेला एक पांढरा, दगडासारखा टणक सुळका आहे. लोखंडी अडकित्त्याने त्याचे टवके काढायचे, मग खलबत्त्यात कुटायचे. कागद फेकू नका. तो उकळून त्याच्या निळ्या रंगात सूत रंगवतात. सगळी गोडी या पांढऱ्या साखरेचीच असणार नाही, ती महाग. निम्मी गोडी काकवीची, वेस्ट इंडीजहून पिंपातून आलेली, काळी आणि किंचित कडवट. साखर असो की काकवी, ती ज्यांनी उसाच्या मळ्यांत राबून केली, ती माणसं गुलाम होती. या स्वयंपाकघरात त्यांचं नाव कुणी घेत नाही, पण तुम्ही खलबत्ता फिरवताना घ्या.

आता जायफळ. घरधनीण ते खिशातून काढते. मसाल्याचा डबा कुलुपात असतो. पत्र्याच्या किसणीवर घासण्याआधी ती नखाने त्याला ओरखडा काढते आणि तेल सुटतं का ते बघते. कनेक्टिकटचे फेरीवाले लाकडाची जायफळं कोरून खपवतात, अशी थट्टा या भागात सगळेच करतात, पण पैसे मोजताना मात्र कुणी थट्टेवर घेत नाही. जायफळ अस्सल निघतं. दोन घासण्यांत खोलीचा वास बदलतो. त्यावर दालचिनी, चिमूटभर मीठ.

आणि मग एक बारीकसं काम, ज्यासाठी तुम्हाला इथवर आणलंय. रात्रभर आंबून पीठ जरा जास्तच आंबट झालंय. घरधनीण फडताळातून एक बाटली काढते. तिच्यात करडी-पांढरी पूड आहे. लाकडाची राख पाण्यात मुरवून, ते पाणी आटवून, उरलेला खार भट्टीत भाजून ही पूड होते. इकडे तिला पर्लॅश म्हणतात. चमचाभर पूड ती वाटीतल्या आंबट ताकात टाकते. ताक फसफसतं, वाटीच्या काठावर चढतं, बुडबुडे फुटताना त्यांचा बारीक चुरचुर आवाज होतो. तो आवाज विरायच्या आत तिने ते पिठात ओतलंय आणि दोन्ही हातांनी पीठ तिंबायला घेतलंय. उशीर झाला तर फुगवण्याची ताकद हवेत जाते. पूड थोडी जास्त पडली तर डोनटला साबणाची चव येते आणि पिठात हिरवट-पिवळे डाग दिसतात. कमी पडली तर आंबटपणा तसाच राहतो. चमचा सपाट होता की शिगोशीग? तुम्ही बघितलंत, पण तुम्हाला सांगता येणार नाही. तिने पीठ चाखलं, एकदा जीभ टाळूला लावली, आणि आणखी चिमूटभर टाकली. हे कुठल्याही पुस्तकात लिहिता येत नाही. मला या सगळ्या सकाळीतली सगळ्यात मोठी गोष्ट तिची ही चिमूट वाटते.

पीठ पुन्हा झाकून ठेवलं. आता ते तासभर विसावेल, तोवर तुम्हाला सायडर आणायला पाठवलंय.

बाहेर पडल्यावर डोळे दिपतात. मेपलची पानं गळून पडून चिखलात तुडवली गेलीत, पण ओकची तपकिरी पानं अजून झाडावर सळसळतायत. वाट उतारावरून सायडरच्या घाण्याकडे जाते. वास आधी येतो, घाणा नंतर दिसतो. एक घोडा गोल गोल फिरतोय, त्याच्या फिरण्याने लाकडी दातांमध्ये सफरचंदं भरडली जातायत, आणि दर फेऱ्याला सांधा एकदा कण्हतो. भरडलेला चोथा गवताच्या थरांमध्ये रचून वर मोठा लाकडी स्क्रू पिळतात. चार माणसं दांड्याला खांदा लावतात, तोंडातून वाफा निघतात, आणि खालून तपकिरी रस आधी थेंबांनी, मग धारेने पिंपात पडतो. ऊन पडल्यामुळे थंडीतही तीन-चार गांधीलमाशा जाग्या होऊन पिंपाच्या काठावर रेंगाळतायत. गवताची काडी घ्या, पिंपात बुडवा आणि ओढा. इथली पोरं तेच करतात, कुणी रागवत नाही. रस गोड आहे, पण मागून तुरटपणा येतो आणि जिभेच्या कडा आकसतात. यात कुठल्या एका जातीची सफरचंदं नाहीत. खाली पडलेली, खरचटलेली, अर्धी किडलेली, सगळी आहेत. चांगली सफरचंदं, तांबूस बाल्डविन आणि खरबरीत सालीची रॉक्सबरी रसेट, तळघरात हिवाळ्यासाठी ठेवलीत.

घरी परत या. अंगणात पितळेच्या मोठ्या भांड्यात काल काढलेला रस उकळतोय. सकाळपासून उकळतोय आणि आता चौथा हिस्साच उरलाय. थोरली मुलगी लांब दांड्याच्या लाकडी डावाने ढवळतेय, वारा फिरला की धुराच्या बाजूने तीही फिरते. आधी पातळ होता तो आता डावावरून जाड पडद्याने उतरतो. रंग गडद तांबडा. चाखून बघा, पण फुंकर मारून: आंबट, गोड, आणि घशात किंचित चरचरणारा. साखर एक कणही न घालता हे सफरचंदाचं सार झालं, आणि बरणीत भरलं की वर्षभर टिकतं. आजच्या दुकानांत शरदाच्या चवीचा डोनट म्हणून जो मिळतो, त्यावर दालचिनी आणि साखरेची भुकटी असते आणि त्या गोडाखाली सगळं दबून जातं. इथे मूळ चव या आंबटपणात आहे. पिठातला आंबट गाळ, ताक, हा आटवलेला रस, तिन्ही एकाच ऋतूचं आंबट. जायफळ-दालचिनी फक्त मागे उभी आहेत.

आता तळणी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तळायला तूप नाही, तेलही नाही. या मुलखात ते एवढं मिळतच नाही. आठवड्यापूर्वी थंडी पक्की पडल्यावर घरचं डुक्कर कापलं. त्याच्या मूत्रपिंडांभोवतीची सगळ्यात पांढरी, सगळ्यात घट्ट चरबी बारीक चिरून, थोडं पाणी घालून मंद आगीवर तासन्‌तास वितळवली आणि कापडातून गाळून बरण्यांत भरली. ती थिजून दुधापेक्षा पांढरी झाली आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर तुम्ही फक्त बघा. सरपण सारायला एक माणूस हवाच आहे. पण नाक झाकू नका. ताज्या, नीट गाळलेल्या चरबीला जवळजवळ वासच नसतो. जो वास येईल तो पीठ खरपूस होण्याचा असेल.

लोखंडी कढई चुलीतल्या आडव्या दांडीला टांगली आहे. दांडी दाराप्रमाणे बिजागरीवर फिरते. कढई आगीवर आणायची असेल तर आत लोटायची, ताव जास्त झाला तर बाहेर ओढायची. आगीचं बटण म्हणजे ही दांडी. चरबी विरघळते, मग तडतडते. तडतडतेय तोवर तिच्यात पाणी आहे. त्यात काही टाकाल तर ते चरबी पिऊन जड होईल. हळूहळू तडतड थांबते. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, त्याच्यावर बारीक लाटा धावतात. घरधनीण पिठाची एक गोळी टाकते. गोळी बुडाशी जाते, क्षणभर तिथेच राहते, आणि बुडबुड्यांचा झगा नेसून वर येते. झालं. आपल्याकडे दिवाळीत पहिला घाणा टाकण्याआधी आई नेमकं हेच करते, आणि तिथेही कुणी तापमान विचारत नाही. आजच्या मापाने ते साधारण १९० अंश सेल्सिअस असतं.

पीठ लाटलंय, बोटाच्या जाडीचं. मुलगी सुरीने त्याचे चौकोन आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापतेय. उरलेल्या पट्ट्यांना पीळ देतेय. आजींना मात्र जुन्या पद्धतीचे गोळे हवेत, अक्रोडाएवढे, तळहातांत वळलेले. मधे छिद्र पाडलेली गोल चकती कुणीच करत नाही. ओट्यावरचा पत्र्याचा पेला बघून तुमचा हात शिवशिवतोय, हे मला ठाऊक आहे. आवरा. हॅन्सन ग्रेगरी नावाचं तीन-चार वर्षांचं पोर सध्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर रांगून-धावून मोठं होतंय. तो पुढे गलबतावर कामाला लागेल, आणि म्हातारपणी वर्तमानपत्राला सांगेल की १८४७ साली जहाजावरच्या मिरपुडीच्या गोल डबीने डोनटचा मधला भाग पहिल्यांदा आपणच कापून काढला. तोवर थांबा.

पहिला घाणा टाकला. एकदम खळखळाट. पाच-सहा तुकडे बुडतात, तरंगतात, एकमेकांना ढुशा देतात. जास्त टाकायचे नाहीत. चरबी निवली की सगळं बिघडतं. खालची बाजू फुगते, हलकी होते, आणि काही तुकडे आपले आपणच कुशीवर वळतात. जे आळशी आहेत त्यांना घरधनीण लांब काट्याने उलटते. आग तुमच्या पिंढऱ्या भाजतेय, चरबीचा एक थेंब मनगटावर उडालाय, केसांत, लोकरीत, भुवयांत वास मुरतोय. तोंड झाकू नका, ओठ चाटा: ओठांवरही गोडसर चव आली आहे. दालचिनी, करपत चाललेली काकवी, आणि तो आंबट सफरचंदाचा वास, आता तापून गोड झालेला.

बुडबुड्यांकडे लक्ष द्या. ते पिठातलं पाणी आहे, वाफ होऊन बाहेर पडणारं. ही वाफ जोरात बाहेर पडतेय तोवर चरबीला आत शिरायला जागा मिळत नाही. म्हणून कढई खोल हवी, भरपूर भरलेली हवी आणि कडक तापलेली हवी. हात आखडून थोड्या चरबीत तळणारी बाई शेवटी जास्त चरबी गमावते, कारण डोनट ती पितात. आणि खरा धोका बाहेर काढल्यावर असतो. गार होताना आतली वाफ आकसते आणि अंगाला चिकटलेली चरबी आत ओढून घेते. म्हणून बघा, घरधनीण झाऱ्याने उचलते, कढईवरच दोनदा झटकते, आणि लगेच विणलेल्या चाळणीत टाकते. एवढ्यातच तिचा हात घाई करतो. बाकी सगळं सावकाश.

आता घ्या. भाजेल, तरी घ्या. बाहेरून कुरकुरीत, दाताखाली एकदाच मोडतो, आणि आत पिवळसर, ओलसर, जाळीदार. पहिला घास आंबट. दुसऱ्या घासाला काकवी कळते. जायफळ शेवटी, नाकातून. मुलगी तिचा डोनट बाहेरच्या पितळी भांड्यातल्या आटलेल्या रसात बुडवून आणते आणि कोपरापर्यंत चिकट होते. तसंच करा. गरम, चरबीत तळलेल्या पिठाला त्या आंबट तांबड्या रसाने जी धार येते, ती मला इतर कुठल्याही तळलेल्या गोड पदार्थात सापडलेली नाही.

मग तुम्ही आजींच्या गोळ्यांतला सगळ्यात मोठा उचलता. बाहेरून सुंदर तांबूस, पण मध्यभागी कच्चा लगदा, चिकट आणि आंबट. सगळ्यांच्याच वाट्याला असे येतात. आजी तो भाग चिमटीने काढून चुलीत टाकतात आणि उरलेला खातात. पुढच्या घाण्याचे गोळे लहान वळतात. मधे अक्रोडाचा तुकडा ठेवला तर तिथे कच्चं राहायला पीठच उरत नाही, असंही काहीजणी करतात. छिद्र हा याच अडचणीचा इलाज असणार आहे, आणि तो अजून बारा वर्षं लांब आहे.

दुपारी जेवण झालं: खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, सलगम, सगळं एकाच भांड्यात उकडलेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तुम्हाला भूकही नाही.

अंधार पडला की माणसं यायला लागतात. कंदील, घोड्यांचे नाल, दारात बुटांचा चिखल झाडल्याचे आवाज, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की थंडीचा लोट. आज सफरचंदं सोलायची रात्र आहे. आजूबाजूच्या शेतांवरची वीस-पंचवीस माणसं, म्हाताऱ्यांपासून मांडीवरच्या बाळापर्यंत. खोलीच्या मधोमध टोपल्यांवर टोपल्या. कुणी सुरीने सोलतंय, कुणी घरी बनवलेल्या लाकडी यंत्राला सफरचंद टोचून दांडा फिरवतंय, साल लांब फितीने उडत बाहेर पडते. दुसरी रांग चार फोडी करते आणि बिया काढते. तिसरी रांग सुईत जाड दोरा ओवून फोडी माळते. माळा चुलीवर टांगल्या जातात आणि भिंत बघता बघता पांढरी दिसू लागते. फोडी उद्यापर्यंत तपकिरी होतील, आठवड्याभरात चामड्याच्या होतील, आणि फेब्रुवारीत पाण्यात भिजवून ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थात जातील. इथे कुणालाही एकट्याने एवढं काम झेपलं नसतं. कामाला गर्दी लागते, आणि गर्दी जमवायला डोनट.

तुमच्याही हातात सुरी आली आहे. बोटं रसाने काळी पडतायत, अंगठ्याच्या जुन्या चिरेत झोंबतंय. मेणबत्त्यांचा वास, चरबीचा, ओल्या लोकरीचा, माणसांचा. सगळे एकदम बोलतायत. कुणाची गाय आटली, कुणाचा मुलगा बॉस्टनला गेला तो पत्र लिहीत नाही, कुणाच्या सायडरला यंदा व्हिनेगरचा वास मारतोय. तेवढ्यात एका मुलीने अख्खी साल न तुटता काढली. तिला उभं करतात. साल डोक्याभोवती तीनदा फिरवून डाव्या खांद्यावरून मागे टाकायची. जमिनीवर जे अक्षर उमटेल त्या अक्षराच्या मुलाशी लग्न. साल पडते. अर्धी खोली म्हणते एस, अर्धी म्हणते सी, आणि दाराजवळचा एक पोरगा कानापर्यंत लाल होतो. तुम्हाला त्याचं नाव कुणी सांगायची गरज नाही.

शेवटची टोपली रिकामी झाली की टेबल भिंतीला लागतं. परातीत रचलेले डोनट, चीजचे जाड तुकडे, भोपळ्याचा ‘पाय’, आणि मातीच्या सुरईतून सायडर, आज सकाळचा गोड आणि गेल्या वर्षीचा कडक, दोन्ही. डोनट आता गार झालेत, कुरकुरीतपणा गेलाय, पण जायफळ गारच असताना जास्त कळतं, आणि चीजच्या खाऱ्या तुकड्याबरोबर तर फारच. कुणीतरी फिडल काढली. जमीन फळ्यांची आहे, त्यामुळे तीस पायांचा ठेका तळघरातल्या पिंपांपर्यंत जातो. आजी बसल्या जागेवरून पाय आपटतायत. तुम्हाला ओढून रांगेत उभं केलंय; पावलं येत नसली तरी चालेल, समोरच्या माणसाच्या हाताला लागलेली साखर तुमच्या तळहाताला चिकटली आहे, सुटायचं म्हटलं तरी सुटणार नाही.

घरधनीण या गडबडीतही शंभरेक डोनट वेगळे काढून चिनीमातीच्या जाड बरणीत भरतेय. पुढच्या आठवडाभराची न्याहारी त्यात आहे, आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या खिशांतला खाऊही. ती बरणीवर लाकडी झाकण ठेवते. झाकणावर लोखंडी इस्त्री ठेवते. तुमच्याकडे बघून म्हणते, "तू इथंच नाच. या इस्त्रीवर डोळा ठेव."

टेबलाखालून दोन हात आधीच वर आलेत.